कोयता घेताना चमक बघू नका

राबाची तोड चालू आहे, म्हणून आज अवजारावर लिहितो. बियाणे, खत, फवारणी यावर आपण रोज बोलतो. पण आमच्या कासा भागात जो कमरेच्या आकडीला लावल्याशिवाय माणूस रानात जात नाही, त्या कोयत्याबद्दल कोणी लिहीत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या पाड्यावरच्या एका बाईच्या नडगीला पाच टाके पडले. शेजारचा माणूस बांबू तोडत होता. घाव घालताना पाते मुठीतून निसटले आणि थेट तिच्या पायावर गेले. कोयता नवाच होता, आरशासारखा चकचकीत. मोडलेली मूठ मी हातात घेऊन बघितली. पात्याचे शेपूट आत जेमतेम दोन इंच गेलेले आणि वरून चिकटवलेले. कोयता शंभर रुपयांनी स्वस्त मिळाला होता. बाईची दोन आठवड्यांची मजुरी बुडाली, ती कोणी भरून दिली नाही.

म्हणून कोयता घेताना मी काय काय बघतो ते सांगतो.

पहिले पोलाद. चांगला कोयता ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा. या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. साध्या लोखंडी पट्टीत तो पाव टक्क्याच्या आत. कार्बन कमी असला की कितीही पाणी द्या, पाते कडक होत नाही, धार तासाभरात बसते. ओळखायचे कसे? लोहाराकडे ग्राइंडर असतो. पात्याची पाठ जरा टेकवायला सांगा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ रेघांसारख्या जातात. कमानपाट्याच्या ठिणग्या पुढे जाऊन फुलबाजीसारख्या फुटतात. एकदा बघितले की विसरत नाही.

दुसरे पाणी. पाते लाल तापवून विझवले की कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून चांगला लोहार ते परत थोडे तापवतो आणि धारेकडे नजर ठेवतो. आधी फिकट पिवळा, मग गवती, मग तपकिरी रंग चढतो, तिथे तो थांबतो. निळा रंग धारेपर्यंत आला तर धार मऊ पडली समजा. आपल्याला रंग बघायला मिळत नाही, पण कानस फिरवून बघता येते. कानस लोण्यात शिरावी तशी चावली तर पाते कच्चे. काचेवरून सरकावी तशी सरकली तर फार कडक, बांबूच्या पेरावर धारेचा तुकडा उडेल. जोर लावल्यावर थोडी चावली तर बरोबर. आणि कडक फक्त धार हवी. पाठ मऊच बरी, ती धक्का खाते.

तिसरी मूठ. माझ्या मते निम्मा कोयता इथेच आहे. शेपूट मुठीच्या आरपार गेलेले आणि मागे मुरडलेले असावे. मुठीच्या तोंडाला लोखंडी कडे असावे, म्हणजे लाकूड फाटत नाही. लाकूड धामणाचे मिळाले तर सोने. ते चिवट असते, हाताला कमी हादरे देते. पण पूर्ण वाळलेले हवे. ओल्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात आकसते आणि पाते खुळखुळायला लागते. घेताना कोयत्याची पाठ ओंडक्यावर दहा वेळा जोरात आपटा. पाते जरा जरी हलले तर परत ठेवा. दुकानदार आपटू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

चौथे वजन. पाठ पाच-सहा मिलिमीटर जाड असली की टहाळे आणि बांबू दोन्ही निघतात. फार जड कोयता घाव मोठा घालतो, पण दुपारनंतर हात थकतो आणि थकलेला हातच चुकतो.

गंभीरगड, अशेरीगड चढायला शहरातली मुले येतात. ती विचारतात, काका, रानात कोणता चाकू न्यावा? एकाने सिनेमातल्यासारखा मोठा सुरा दाखवला. पाठीला करवतीचे दाते, आणि मूठ पोकळ, आत काडेपेटी ठेवायला. अशा मुठीत पाते फक्त टोकाला अडकवलेले असते. मी त्याला सांगितले, याने पपई काप, लाकूड फोडू नकोस. घडीचा चाकूही फळाला ठीक, जोराच्या कामाला त्याचा खटका दगा देतो. चार-पाच इंचांचे सरळ पाते, शेपूट मुठीच्या टोकापर्यंत, वर चामड्याचे म्यान, एवढे पुरते. आपला लोहार तेही त्याच पाट्यातून घडवून देतो. स्वीडनमधल्या मोरा गावचे साधे, स्वस्त चाकू जगभर नावाजलेले आहेत. त्यांच्यातही दिखावा काही नाही.

कायद्याचेही सांगतो. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे धरले आहेत. पण घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. तरी एसटीत, बाजारात, जत्रेत कोयता उघडा मिरवू नये. गोणपाटात गुंडाळून न्यावा.

आता निगा. ग्राइंडरवर धार लावताना पाते सारखे पाण्यात बुडवा. धार निळी झाली की लोहाराने दिलेले पाणी गेले. रोजच्या धारेला दगड आणि पाणीच बरे. हे पोलाद गंजते, म्हणून पावसाळ्यात काम झाले की पुसून तेलाचा हात फिरवा.

तोडताना दोन गोष्टी. फांदीला आधी खालून घाव घाला, मग वरून, म्हणजे साल फाटून झाडाला जखम होत नाही. बांबू जमिनीजवळच्या पेराच्या लगेच वर तोडा, नाहीतर उरलेल्या नळीत पाणी साचून खुंट कुजतो. आणि शेजारचा माणूस दोन हात लांब नको, चांगला दहा हात लांब ठेवा. कोयता लागलाच तर हळद लावून घरी बसू नका. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

मी शेवटचा कोयता लोहाराकडून 350 रुपयांना घेतला. तीनदा धार आणि एकदा मूठ बदलून झाली, पाते अजून तेच आहे. लोहाराशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. तो भाता बंद करून कंपनीत गेला तर मूठ कोण बसवून देणार?

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा आहे. पावसाळ्याआधी कोयता घ्यायचा असेल तर आतापासून बघून ठेवा. आमच्याकडे कोयता विकत घेतो पुरुष आणि टहाळे तोडते बाई. त्याच्या हाताला जमलेली मूठ तिच्या हातात फिरते. म्हणून जिच्या हातात तो जाणार, तिला बरोबर न्या. मूठ तिने धरून बघितली, दोन घाव घातले आणि हो म्हणाली, तरच पैसे द्या.