घोटीव कव्वाली

आमच्या घरात राजकारणावरून कधी मोठं भांडण झालं नाही. वाटणीवरून झालं, पण ते दोन दिवसांत मिटलं. कव्वालीवरून सुरू झालेला वाद मात्र अजून मिटलेला नाही. एका बाजूला माझे मामू, दुसऱ्या बाजूला माझा धाकटा भाऊ. मधे अम्मी आणि मी. वादाचा विषय एकच. साफसूफ करून, स्टुडिओत घोटून-घोटून गुळगुळीत केलेली कव्वाली ही कव्वाली राहते का?

मामू ढोलकवाले. उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून सरकारी कागदावर धाराशिव) आणि शेजारच्या सोलापूर-लातूरकडे ते एका कव्वाल पार्टीबरोबर जायचे. दिवसा शिलाई मशीन, रात्री ढोलक. आमच्याकडची उस्मानाबादी शेळी मटणासाठी सगळीकडे नाव कमावून आहे. मामू म्हणायचे, “लोगां गोश्त की तारीफ करते, चमडे की मैं करता.” ढोलकीला कातडं कसलं, ते किती ताणायचं, पावसाळ्यात ते सैल पडलं की काय करायचं, हे सगळं त्यांच्या बोटांना माहीत होतं.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आमच्या बुजुर्गांचे कान मुंबईपेक्षा हैदराबादकडे लागलेले. हैदराबादच्या अझीज अहमद खाँ वारसींचं नाव घेताना नाना कानाच्या पाळीला हात लावायचे. शहरातल्या हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्याचा उर्स म्हणजे आमच्यासाठी वर्षाचा सण. त्या उर्सात कव्वाली ऐकणं ही घरातल्या पुरुषांची मोठी मिरास. रात्री गेलेले फजरच्या अजानीला परत यायचे, डोळे लाल, आवाज बसलेला, आणि दोन दिवस तोंडात तोच विषय.

आता माझी बाजू सांगते. त्या महफिलीत मी कधी समोर बसले नाही. आम्ही बायका-मुली लांब, आडोशाला. आमच्यापर्यंत यायचा तो भोंग्यातून फाटलेला आवाज. टाळ्या कळायच्या, ढोलक कळायची, शब्द कळायचे नाहीत. कुणी तरी “वाह, क्या बात है” म्हणून ओरडायचं आणि आम्ही एकमेकींकडे बघायचो, की शेर कोणता झाला?

मला कव्वालीचे शब्द पहिल्यांदा कळले ते टेपरेकॉर्डरवर. अब्बांनी साबरी ब्रदर्सच्या आणि नुसरत फतेह अली खाँच्या कॅसेट आणल्या होत्या. दुपारी अम्मी भाकरी थापताना त्या लावायची. एखादा कठीण शब्द आला की टेप थांबवून, मागे फिरवून पुन्हा ऐकायची. अम्मी चौथीपर्यंत शिकलेली. तिची उर्दू निम्मी त्या टेपनं पक्की केली आणि माझीही. आज मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू शिकवते, त्यामागे बी.एड.ची पदवी आहे, तशी ती झिजलेली कॅसेटसुद्धा आहे.

वादाची पहिली ठिणगी पडली ती नुसरतसाहेबांच्या ‘मस्त मस्त’ या अल्बमवरून. तो निघाला १९९० मध्ये, इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड कंपनीकडून. आमच्या घरी त्याची कॅसेट पोचायला बरीच वर्षं गेली. कॅनडाचा गिटारवादक मायकेल ब्रूक यानं तो घडवला होता. गिटार होती, कीबोर्ड होता. तासभर चालणारी चीज पाच-सहा मिनिटांत आटोपत होती. काही ठिकाणी बोलच नव्हते, नुसती सरगम आणि आलाप. शेवटी तर ब्रिटनच्या मॅसिव्ह अटॅक या मंडळींनी त्याच गाण्याला नाचाच्या ठेक्यावर बसवलं होतं.

मामूंनी एक बाजू ऐकली आणि टेप बंद केला. म्हणाले, “बिर्यानी है, मगर दम नई दिये.” अब्बांना मात्र आवडलं. ते म्हणाले, आवाज किती साफ येतोय बघा, खाँसाहेबांचा श्वाससुद्धा ऐकू येतो. दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच तो वाद संपला नाही.

पुढे वाचनात आलं ते असं. स्टुडिओत तुकडे जोडताना ब्रूकनं काही ओळी अशा कापल्या की शब्दांचा अर्थ तुटला. त्याला भाषा येत नव्हती, त्याला फक्त सूर दिसत होता. नुसरतसाहेबांना ते चाललं नाही. मग दोघांनी मधला मार्ग काढला. काही ओळी परत जागेवर आल्या, काही काटछाट तशीच राहिली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. खाँसाहेबांनी गिटारीला हरकत घेतली नाही, वेळ कमी केला तरी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती अर्थ तुटला तेव्हा. आणि त्याच कंपनीकडून १९९१ मध्ये ‘शहबाज’ हा पारंपरिक बाजाचा अल्बमही निघाला. म्हणजे एक दार उघडताना त्यांनी दुसरं बंद केलं नव्हतं.

दुसरी ठिणगी पडली २०१५ मध्ये. पाकिस्तानच्या कोक स्टुडिओत आतिफ अस्लमनं ‘ताजदार-ए-हरम’ गायलं. भाऊ तेव्हा पुण्यात नोकरीला. ईदला घरी आला तो मोबाईलवर तेच घेऊन. मूळ चीज साबरी ब्रदर्सची, गुलाम फरीद आणि मकबूल अहमद यांची. आमच्या घरात ती पाठ होती. नव्या गाण्यात दिवे, गिटार, सहगायकांचा गोड सूर, सगळं जिथल्या तिथं. भाऊ डोळे मिटून ऐकत होता. अम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामू गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, “अच्छा गाया बच्चा. मगर ये किसकू सुना रा?”

हा प्रश्न मला तेव्हा टोमणा वाटला. आता त्याचा अर्थ कळतो. समाच्या महफिलीत कव्वाल ऐकणाऱ्याचा चेहरा वाचतो. एखाद्या ओळीवर कुणाची मान हलली, डोळे भरले, की तो ती ओळ सोडत नाही. पुन्हा म्हणतो, पुन्हा म्हणतो, मधे दुसऱ्या शायरचा शेर गुंफून गिरह लावतो आणि परत त्याच ओळीवर येतो. याला तकरार म्हणतात. कुणाला हाल आला असेल तर तो सावरेपर्यंत ओळ बदलायची नाही, हा जुना अदब आहे. हजरत ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांचा विसाल १२३५ मध्ये समा ऐकतानाच, एका फारसी शेरावर झाला, असं चिश्ती परंपरा सांगते. कव्वाल तो शेर म्हणत राहिले होते. स्टुडिओतली कव्वाली कितीही सुरेल असली तरी ती कुणासाठी थांबू शकत नाही. तिची मिनिटं आधीच ठरलेली असतात. मामूंचा आक्षेप गिटारीवर नव्हता, या न थांबण्यावर होता.

पण भावाकडेही उत्तर आहे. तो म्हणतो, “मामू, तुमारी असली कव्वाली बी कॅसेटकीच हैना?” आणि ते खरं आहे. साबरींची जी चीज आम्ही ‘मूळ’ म्हणतो तीही ध्वनिमुद्रितच. साठ मिनिटांची कॅसेट असेल तर एका बाजूला तीस मिनिटं. आमच्या लहानपणी तर ऐन रंगात टेपची बाजू संपायची, खटकन बटण वर यायचं, आणि मामू स्वतः उठून कॅसेट उलटायचे. तिथंही हाल कुणासाठी थांबत नव्हता. त्याआधी तबकड्या होत्या, त्यांना तर त्याहून कमी जागा.

आणि आपल्या मुंबईकडे बघा. अझीझ नाझाँ यांनी कव्वाली दर्ग्यातून उचलून तिकिटाच्या कार्यक्रमांत आणि चित्रपटात नेली. १९७४ च्या ‘फाइव्ह रायफल्स’मधली त्यांची कव्वाली गल्लीगल्लीत वाजली. आमचे नाना त्यावर नाक मुरडायचे, असं अम्मी सांगते. पण त्याच नाझाँसाहेबांचं ‘चढता सूरज’ लागलं की नाना गप्प बसून ऐकायचे. ते लिहिलं कैसर रत्नागिरवी यांनी. नावातच रत्नागिरी आहे. म्हणजे आपल्या कोकणच्या मातीतला शब्द, मुंबईचा आवाज, आणि ऐकणारे मराठवाड्यातले. २०१७ मध्ये ‘इंदू सरकार’ या चित्रपटात ते पुन्हा आलं, नाझाँसाहेबांचे चिरंजीव मुजतबा यांच्या आवाजात. तेव्हा नव्यावर नाक मुरडायची पाळी मामूंची होती. नानांच्या काळातलं बिघडलेलं मामूंच्या काळात अस्सल झालं होतं.

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेचा बॉब डिलन लोकगीतं गाता गाता विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला, तर १९६६ मध्ये मँचेस्टरच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून कुणी तरी त्याला ‘जुडास’ म्हणून ओरडलं. जुडास म्हणजे हजरत ईसांना दगा देणारा. भाऊ सांगतो, इंग्रजी रॉक ऐकणाऱ्या त्याच्या मित्रांतही हेच चालतं. दुःखाची, आक्रोशाची गाणी गाणाऱ्या एखाद्या बँडचा पहिला अल्बम खरखरीत असतो, पुढचा सफाईदार निघतो, आणि अर्धे म्हणतात सुधारले, अर्धे म्हणतात विकले गेले. दुःख नीटनेटकं झालं की लोकांना ते खोटं वाटायला लागतं.

आपणही सगळीकडे एकच माप लावत नाही. परांड्याच्या शेजारी करमाळा. त्या भागात चित्रित झालेल्या ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. आमच्या मोहल्ल्यातल्या लग्नांत त्यावर सगळे नाचले. हे घोटीव आहे असं कुणी म्हणालं नाही. कव्वालीवर मात्र आपण पहारा बसवतो, कारण तिच्यात आपली अकीदत आहे.

पण एक नुकसान खरं आहे, आणि ते सांगितलंच पाहिजे. ज्या लग्नांत रात्री कव्वाल पार्टी यायची तिथं आता डीजे येतो. घोटीव कव्वाली पेन ड्राइव्हवर फुकट मिळते, तिला नजराना द्यावा लागत नाही, तिला जेवायला वाढावं लागत नाही. मामूंची पार्टी हळूहळू मोडली. बाजावाला भाजीचा गाडा लावतो. मामू पूर्ण वेळ शिलाई करतात. ढोलक कपाटावर चादरीत गुंडाळलेली. गाणं जिवंत राहिलं आणि गाणारे घरी बसले, हा हिशेब ‘काळाप्रमाणे बदलायला हवं’ असं म्हणून मिटत नाही.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आठवीच्या मुलींनी कव्वाली करायचं ठरवलं. त्यांना मोबाईलवरचा तयार ट्रॅक हवा होता. मला मामूंची ढोलक हवी होती. तेवढ्यात तिसरी बाजू उभी राहिली. एका मुलीचे वडील म्हणाले, वाद्य नको. आमच्या मोहल्ल्यात असे पुष्कळ आहेत. चिश्ती बुजुर्गांनी समा ऐकला, अनेक उलेमांनी वाद्याला मनाई केली, हा वाद शेकडो वर्षांचा आहे आणि तो मी शाळेच्या व्हरांड्यात सोडवणार नव्हते. मुलगी गाणार होती, हे मला मोठं होतं. मग ट्रॅकही गेला, ढोलकही गेली. राहिल्या फक्त टाळ्या.

मामू ढोलक न घेता आले. मुलींच्या दोन ओळी केल्या. एकीनं ताल धरायचा, दुसरीनं मधल्या जागा भरायच्या. एक हम्द होती. मुख्य गाणारी मुलगी एका शब्दावर अडायची, ‘क़ाफ’चा ‘काफ’ व्हायचा. ट्रॅक असता तर तो तिला टाकून पुढे गेला असता. इथं बाकीच्या मुली टाळ्या धरून तीच ओळ म्हणत राहिल्या, तिच्या गळ्यात शब्द बसेपर्यंत. मामू माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “देखी? इसकू तकरार बोलते.” आणि गंमत म्हणजे त्या मुलींना ती चाल शिकवली होती कुणी, तर मोबाईलनं. शब्दही त्यांनी तिथंच ऐकून वहीत उतरवून आणले होते.

२०१६ च्या जूनमध्ये, रमजानमध्ये, गुलाम फरीद साबरींचे चिरंजीव अमजद साबरी यांना कराचीत गोळ्या घालून मारलं. त्यानंतर कोक स्टुडिओनं त्यांनी राहत फतेह अली खाँबरोबर गायलेला, अमीर खुसरोंचा ‘रंग’ प्रसिद्ध केला. तोच स्टुडिओ, तेच दिवे, तीच सफाई. मामूंनी तो भावाच्या मोबाईलवर ओळीनं तीन वेळा ऐकला. कुणी काही बोललं नाही. त्या रेकॉर्डिंगमुळेच तो आवाज आपल्यापाशी राहिला आहे. तिसऱ्यांदा संपल्यावर मामू म्हणाले, “ताली कम है.” मग भावाला म्हणाले, “मेरे मोबाईल में बी डाल दे.”

मी कुणाच्या बाजूची, असं दोघंही विचारतात. घोटीव कव्वालीनं माझ्यासारख्या आडोशाला बसलेल्या बायकांना शब्द दिला. ते उपकार मी नाकारणार नाही. पण शब्द पोचला म्हणजे काम झालं, असं मास्तरकीच्या पेशात राहून मी म्हणू शकत नाही. बी.एड.ला आम्हाला पाठाचं टाचण काढायला शिकवलं, किती मिनिटांत प्रस्तावना, किती मिनिटांत विषय. ते टाचण मी आजही काढते, ते लागतंच. पण शेवटच्या बाकावरची पोर एखाद्या शेरावर अडली की टाचण बाजूला ठेवून तीच ओळ पुन्हा म्हणावी लागते, ती मान हलवेपर्यंत. तेवढ्यापुरती तरी मी मामूंच्या पार्टीत आहे.