वाड्याचें सर्वदर्शन

छत्रपती संभाजीनगरांतील औरंगपुऱ्यांत आमचा वडिलोपार्जित वाडा होता. तो पाडून त्या जागीं सदनिका बांधाव्या असें तिघां भावांत ठरलें, आणि कागदावर सर्वांत शेवटीं सही केली ती आमच्या वडीलबंधूंनीं. लेखणी खालीं ठेवतांना दादा एवढेंच म्हणाले, "चौकाचें एक चित्र काढून ठेवा. सबंध चौक हवा. तुकडे नकोत." तुकडे हा शब्द त्यांनीं कोणास उद्देशून वापरला, तें आम्हीं विचारलें नाहीं.

आमचा चौक म्हणजे चारी बाजूंस ओसरी, सोळा सागवानी खांब, वर माळवद आणि मध्यें तुळशीवृंदावन. मागें सरावयास जागा अशी नाहींच. कोपऱ्यांत उभें राहिलें तरी घरच्या कॅमेऱ्यांत निम्मा चौकहि मावत नसे. तेव्हां शेजारशेजारचीं छायाचित्रें घेऊन तीं सांधणें हाच मार्ग. अशा चित्रास पॅनोरामा म्हणतात. शब्द ग्रीक धातूंवरून घडविलेला आहे. ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि ‘होरामा’ म्हणजे दृश्य. रॉबर्ट बार्कर या चित्रकारानें १७८७ सालीं प्रेक्षकाभोंवतीं वर्तुळाकार देखावा रंगविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें, व पुढें अशा चित्रांस हें नांव पडलें. आम्हांस ‘सर्वदर्शन’ हा प्रतिशब्द सुचला होता. परंतु माधवाचार्यांनीं तो चौदाव्या शतकांतच आपल्या दर्शनसंग्रहासाठीं घेऊन ठेवला आहे!

पहिला प्रयत्न नातवानें मोबाइल फिरवून केला. त्यांत वृंदावनाचे दोन भाग झाले, तुळई धनुष्यासारखी वांकली आणि आमच्या कुटुंबाचें मस्तक धडापासून वीतभर दूर गेलें. "इतकीं वर्षें तुम्ही मला डोकें नाहीं म्हणत होतां," ती म्हणाली, "आतां पुरावा मिळाला."

मग सॉफ्टवेअर निवडण्याची चर्चा सुरू झाली, आणि वाटण्यांच्या वेळीं झाला नव्हता इतका मतभेद झाला. पुण्याच्या पुतण्याचें म्हणणें, फोटोशॉप घ्यावें. पण त्यास ठरलेल्या मुदतीनें वर्गणी भरावी लागते, आणि जें भाड्यानें घ्यावयाचें त्यांत वाडा ठेवणें आमच्या मनास पटेना. त्याची दुसरी शिफारस पीटीगुई या पैसे देऊन घेण्याच्या सॉफ्टवेअरची. तें सोपें आहे, जलद आहे, हें आम्हांसहि मान्य. धाकट्या बंधूंच्या कन्येनें हगिनचा पक्ष घेतला. तें विनामूल्य असून त्याची घडण कोणासहि उघडून पाहतां येते. गंमत अशी कीं दोहोंचें मूळ एकच. हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकानें १९९८ च्या सुमारास पॅनोरामा टूल्स नांवाचीं साधनें तयार केलीं. त्यांवर हे दोन्ही वंश वाढले.

आम्हांस निर्णय करावयास तिसऱ्याच एका हकीकतीनें मदत केली. ऑटोपॅनो नांवाच्या सॉफ्टवेअरची एके काळीं मोठी वाहवा होती. तें करणारी कोलोर ही कंपनी गोप्रोनें २०१५ सालीं विकत घेतली आणि २०१८ सालीं बंद केली. मायक्रोसॉफ्टनेंहि आपलें या कामाचें फुकट सॉफ्टवेअर पुढें गुंडाळलें. कंपनीहि वाड्यासारखीच, मालकाच्या मनांत आलें कीं पाडली. हगिन पाडावयाचें तर पाडणार कोण? आम्हीं मत दिलें तें हगिनला.

सरावासाठीं अजिंठ्यास गेलों. समोरच्या डोंगरावरून वाघोरा नदीचें नालाकृति वळण आणि त्यावरची लेण्यांची ओळ दिसते. पुतणीनें हातांत कॅमेरा उभा धरून, प्रत्येक चित्राचा तिसरा हिस्सा पुढच्यांत येईल अशा बेतानें अकरा चित्रें घेतलीं. हगिननें तीं पहिल्याच खेपेस बेमालूम सांधलीं. आम्ही शेफारलों. तेथेंच रॉबर्ट गिल यांची आठवण झाली. त्यांनीं १८४४ पासून कित्येक वर्षें खपून भित्तिचित्रांच्या प्रतिकृति रंगविल्या आणि त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. आपलें चित्र तीन घरीं ठेवावयाचें, हें तेथेंच ठरलें.

वाड्यांत मात्र हगिनचेंहि कांहीं चालेना. पुन्हां दुभंगलेलें वृंदावन! कारण पुतणीनें आम्हांस बोट नाकासमोर धरावयास लावून समजाविलें. एक डोळा मिटून दुसरा उघडला कीं बोट मागच्या भिंतीवरून सरकतें. दूरचा डोंगर सरकत नाहीं. कॅमेरा हातांत फिरवितांना भिंगाची जागा दोन-चार इंच बदलते. अजिंठ्याच्या दरींत त्याचें कोणास सोयरसुतक नसतें. चार हातांवरच्या तुळशीस मात्र असतें. उपाय असा कीं भिंगांतल्या एका विवक्षित बिंदूभोंवतींच कॅमेरा फिरला पाहिजे. तो बिंदु सांपडविण्यासाठीं तिनें गवंड्याचा ओळंबा टांगला, त्याची दोरी आणि मागचा खांब एका रेषेंत आणला, आणि कॅमेरा फिरविला तरी ती रेषा मोडेनाशी होईपर्यंत तो पट्टीवर मागें-पुढें सरकविला. यांत सबंध दुपार गेली. वांकलेली तुळई, तिच्यावर खुणा करून ‘ही सरळ आहे’ असें हगिनला सांगितल्यावर, सरळ झाली.

शेवटचा घोंटाळा दादांनीं केला. चित्रें घेण्यास आरंभ झाला तेव्हां ते झोंपाळ्यावर होते. पाळी वृंदावनापर्यंत येईतों ते उठून तुळशीपाशीं जाऊन उभे राहिले. सांधलेल्या चित्रांत ते दोन्हीकडे आले. एकास झांकून टाकण्याची सोय हगिनमध्यें आहे. कोणास झांकूं, असें पुतणीनें त्यांनाच विचारलें.

दादांनीं चष्मा पुसून बराच वेळ पाहिलें. "वाटणींत मला एक हिस्सा मिळाला," ते म्हणाले, "येथें दोन राहूं देत."

चित्र छापून आलें तें सात फूट लांब. दादांच्या हल्लींच्या भाड्याच्या घरांत एवढी सलग भिंत नाहीं, म्हणून तें गुंडाळून कपाटावर ठेविलें आहे. आम्ही रविवारीं जातों तेव्हां ते तें काढावयास लावतात. एक टोंक आम्ही धरतों, दुसरें वहिनी धरतात, आणि हात भरून आले तरी ते "पुरे" म्हणेपर्यंत आम्हां दोघांस उभें राहावें लागतें.