दुसऱ्याच्या मनगटावरचे यंत्र

जुनी सायकल घ्यायची तर चाक उचलून फिरवून पाहावे, जुनी स्कूटर घ्यायची तर थंड इंजिनाला पहिली किक मारून पाहावी, आणि जुनी कादंबरी घ्यायची तर शेवटची पाने शाबूत आहेत ना एवढे पाहावे. इतके व्यवहारज्ञान आपल्यापैकी प्रत्येकाजवळ असते. पण पाणबुड्याने वापरलेला जुना डाइव्ह कॉम्प्युटर कसा पारखून घ्यावा, हे मला कोणी शिकवले नव्हते.

पणजीतले एक गृहस्थ गोवा सोडून निघाले होते. कपाट, पंखे आणि पुस्तके यांच्याबरोबर त्यांनी हे यंत्रही विकायला काढले. किंमत सांगितली ११,००० रुपये. नव्याला याच्या अडीचपट तरी मोजावे लागतात. तासिकांवर शिकवणाऱ्या माणसाच्या हिशेबात ११,००० रुपये म्हणजे किती तास, हे मी सांगत बसत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये हा गुणाकार सर्वांना तोंडपाठ आहे.

यंत्र दिसायला जाडजूड घड्याळासारखे. त्याला मुख्यतः दोनच गोष्टी कळतात, पाण्याचा दाब आणि वेळ. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण एवढा दाब वाढतो. त्या दाबाखाली सिलिंडरमधली हवा श्वासातून घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत जातो. सावकाश वर आलो तर तो गुपचूप निघून जातो. घाईने आलो तर गोटीसोड्याची गोटी दाबल्यावर बाटलीत जे होते तेच शरीरात होते. सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात. माणूस कायमचा पंगू झाल्याची, दगावल्याचीही उदाहरणे आहेत.

किती वेळ खाली राहावे आणि कसे वर यावे याचे पहिले शास्त्रीय तक्ते जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी केले. ते १९०८ साली प्रसिद्ध झाले. प्रयोग झाले ते मुख्यतः बोकडांवर आणि शेळ्यांवर! (याच हाल्डेनांचे चिरंजीव, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. म्हणजे हे घराणे आपल्याला अगदीच परके नाही.) हाल्डेनांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले. काही लवकर भरतात, काही सावकाश. पुढे झुरिकचे डॉक्टर ब्यूलमान यांनी ते सोळांवर नेले. १९८३ साली ‘एज’ नावाचे अमेरिकी यंत्र बाजारात आले आणि कागदावरचा तक्ता पाणबुड्याच्या मनगटावर जाऊन बसला. तक्ता धरून चालतो की तुम्ही सारा वेळ सर्वांत खोल जागीच होता. यंत्र मात्र क्षणाक्षणाचा हिशेब ठेवते. फरक काय तो एवढाच, पण तो मोठा आहे.

आता मला ते हवे कशाला? हरमलचे माझे मामा अजूनही खडकावरच्या शिनाण्या काढायला श्वास कोंडून बुडी मारतात. त्यांना हे सांगितले तर म्हणाले, “दर्याक घड्याळ कित्याक रे पुता?” मामांच्या दृष्टीने ते खरेच आहे. ते छातीभर हवा घेऊन जातात आणि तीच घेऊन मिनिटाभरात वर येतात. खाली जाऊन दाबाखालची नवी हवा काही ते पीत नाहीत.

पण माझ्याही बाबतीत मामा निम्मे बरोबर होते. ग्रांडे बेटाभोवती आम्ही जातो ते १२ मीटरच्या आसपास. अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यात ६० फुटांना ६० मिनिटे आणि १०० फुटांना २५ मिनिटे मुभा होती. ४० फुटांना चक्क २०० मिनिटे. तोवर सिलिंडर केव्हाच रिकामा होतो. तेव्हा केवळ ग्रांडेसाठी यंत्र घेणे म्हणजे मांडवीच्या फेरीबोटीत होकायंत्र घेऊन बसण्यासारखे झाले असते.

दोन गोष्टींनी माझे मन वळवले. पहिली, वर येण्याचा वेग. शेवटच्या १० मीटरमध्ये दाब निम्मा होतो आणि हवेचे आकारमान दुप्पट. गढूळ पाण्यात आपण किती वेगाने वर चाललो आहोत ते समजत नाही. पूर्वी मिनिटाला ६० फूट चालत. आता ९ ते १० मीटरच्या वर जाऊ नका असे सांगतात. यंत्र त्याआधीच ओरडते.

दुसरी गोष्ट म्हणजे आमचा चोर्लाघाट. माझे घर डिचोलीला, पोटापाण्याचा उद्योग बेळगावला. ऑक्टोबर ते मे या हंगामात रविवारी सकाळी बुड्या मारायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने साखळीवरून घाट चढून बेळगाव गाठायचे, असा माझा क्रम. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे आणि तिथला हवेचा दाब पणजीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना दोनेक तासांत इतके वर जाणे म्हणजे पाण्यातून वर आल्यावर पुन्हा थोडे वर येणेच होय! अमेरिकी नौदलाच्या पुस्तिकेत यासाठी वेगळा तक्ताच आहे. शिल्लक जितकी जास्त आणि चढण जितकी उंच, तितके थांबणे अधिक. एका हलक्या बुडीनंतर अडीच हजार फुटांचे फारसे काही नाही. पण दिवसात तीन बुड्या झाल्या, किंवा उद्या मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापाशी जास्त खोल गेलो, (नेत्राणीचे वर्णन कन्नड विभागातल्या मित्रांनीच करावे,) तर शिल्लक किती हे अंदाजाने सांगण्यात अर्थ नाही.

म्हणून यंत्र हातात घेऊन बसलो. बॅटरीच्या खणात हिरवट डाग होता, रबरी कडी कडक झालेली. या गोष्टी दुरुस्त होतात. खरी अडचण पुढे होती. या यंत्राच्या पोटात मालकाच्या बुड्यांची नोंद राहते. बटण दाबत गेलो तर दुसऱ्याची रोजनिशी वाचल्यासारखे वाटू लागले. सर्वांत खोल बुडी ४१ मीटर. आणि चार-पाच बुड्यांपुढे ‘फार वेगाने वर आला’ अशी खूण. गृहस्थ हसून म्हणाले, “अहो, हात जरा वर केला की ते उगाच ओरडतं.”

इथे मी अडलो. उगाच ओरडत असेल तर यंत्र खोटे. उगाच नसेल तर यंत्र खरे आणि मालक घाईचा. पहिल्या पक्षी ते फुकट मिळाले तरी घेऊ नये, दुसऱ्या पक्षी बिनदिक्कत घ्यावे. जुनी सायकल बिघडली तर खडखडते तरी. हे यंत्र मात्र चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतक्याच ठळकपणे दाखवते. आठ दिवसांच्या बोलीने ते घरी आणले.

आमच्या डिचोलीच्या घरची विहीर चिरेबंदी, पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेली. सुंभाला २, ४ आणि ६ मीटरवर गाठी मारल्या, खाली दगड बांधला आणि यंत्र आत सोडले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “बांयत कितें घालता रे? पियेवपाचें उदक तें!” यंत्र साबणाने धुतले आहे असे सांगितल्यावर ती गप्प झाली, पण कठड्यापासून हलली नाही. नोंदी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक खेपेनंतर दहा मिनिटे थांबायचे. आकडे आले १.९, ३.९ आणि ५.८. क्षणभर चर्र झाले. मग लक्षात आले की यंत्र खाऱ्या पाण्याच्या हिशेबावर लावलेले आहे. समुद्राचे पाणी गोड्याहून सुमारे अडीच टक्के जड, म्हणून विहिरीत ते तितकेच कमी दाखवणार. आकडे जुळले. भौतिकशास्त्राचा इतका आनंद मला परीक्षेतही कधी झाला नव्हता.

पुढच्या रविवारी ग्रांडेला नावेवरच्या प्रशिक्षकांचे यंत्र आणि हे, दोन्ही एकाच दोरावर १२ मीटरपर्यंत सोडली. फरक ०.२ मीटरचा. मग दोन्ही एकाच मनगटावर बांधून उतरलो. परतताना सावकाश आलो तेव्हा दोन्ही मुकी. मध्येच थांबून नुसता हात हलवला, तरीही मुकी. नंतर नांगराच्या दोराजवळ दोन-तीन मीटर मुद्दाम थोडा वेग घेतला, तर दोन्ही जवळजवळ एकदमच ओरडली. गृहस्थांविषयी मी यावरून काही तर्क केला नाही, यंत्राविषयी केला.

३० मीटरवर ते कसे वागेल हे विहिरीवरून कळत नाही, ग्रांडेवरूनही नाही. तेव्हा नेत्राणीला जाईन त्या दिवशीही तक्ता खिशात राहील. शिवाय आकडा बरोबर असला तरी तो माझ्या शरीराचा नव्हे, गणितातल्या सोळा कप्प्यांचा. आदल्या रात्री मी उत्तरपत्रिका तपासत जागलो होतो की काय, पाणी किती प्यालो, हे त्या कप्प्यांना ठाऊक नसते.

नवी कडी आणि नवी बॅटरी माझी, असे ठरून सौदा ९,००० ला तुटला. पैसे मोजून घेताना गृहस्थांनी जुन्या नोंदी कशा पुसायच्या ते आपणहून दाखवले. मी पुसल्या नाहीत.

या यंत्रावर ‘इतके तास विमानात बसू नये’ असाही एक आकडा येतो. त्याला विमान ठाऊक आहे, चोर्लाघाट ठाऊक नाही. म्हणून तीन बुड्यांच्या रविवारी मी आता डिचोलीलाच मुक्काम करतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने घाट चढतो. विभागप्रमुखांनी सोमवारचा माझा पहिला तास दुपारी लावून दिला आहे. कारण विचारले तेव्हा मी फक्त “नायट्रोजन” म्हणालो. ते रसायनशास्त्राचे नसल्यामुळे त्यांनी पुढे विचारले नाही.