दिव्याभोवतीचं घर

पूर्वी दिवा निवडावा लागत नसे. कुठल्या जागी कुठला दिवा हे घर बांधतानाच ठरून गेलेलं असे. भिंतीत दिवळी ठेवलेली असे आणि तिच्यावर वर्षानुवर्षांच्या काजळीचा काळा पट्टा उमटलेला असे. देवापुढे समई, आरतीला निरांजन, तुळशीपुढे पणती. स्वयंपाकघरात चिमणी. ओसरीवरच्या तुळईला कडी असे, तिला कंदील अडकवायचा. गोठ्यात जायचं तर तोच कंदील हातात घ्यायचा. माजघरात लामणदिवा आणि एखाद्या सधन वाड्याच्या दिवाणखान्यात हंड्या-झुंबरं. घरातल्या कुणालाही अंधारात विचारलं असतं, तरी कुठला दिवा कुठे सापडेल हे त्याला सांगता आलं असतं.

आता नव्या घरात राहायला जाताना उजेड छतातून येतो. फॉल्स सीलिंगमध्ये गोल एलईडी बसवलेले असतात, एक बटण दाबलं की खोलीचे चारही कोपरे सारखेच उजळतात. सोय मोठी आहे, ती मला नको आहे असं मुळीच नाही. पण काही महिन्यांतच त्या घरातली माणसं जुन्या दिव्याच्या शोधात निघतात. कुणाला लामणदिवा हवा असतो, कुणाला पितळी टेबललॅम्प, कुणाला दारात टांगायला कंदील. हा शोध निव्वळ हौसेचा आहे असं मला वाटत नाही. सगळीकडे सारखा उजेड पडला की बसायचं कुठे हे कळेनासं होतं. दिवा बसायची जागा दाखवत असे, आणि जुना दिवा निवडताना पहिला विचार त्याचाच करावा.

माझं आजोळ कऱ्हाडजवळचं. तिथे संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसणं हे मुलांचं काम होतं, कारण मुलांचाच हात काचेत जायचा. चुलीतली चाळलेली राख, धोतराचा जुना तुकडा, आणि काचेत तोंड घालून सोडलेली वाफ. कालची काजळी आधी कोरड्या फडक्याने काढायची, मग राखेने. वात कात्रीने सरळ कापायची आणि दोन्ही टोकं किंचित गोल करायची, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच एका बाजूने काळी होते. नरसाळ्याने रॉकेल भरायचं. ते रेशनवरचं निळं रॉकेल, आणि एक थेंब बाहेर सांडला तरी आजीचं बोलणं खावं लागे. मग खटका दाबून काच वर उचलायची, काडी लावायची, काच खाली घ्यायची आणि ज्योत स्थिरावली की वात बारीक करायची. प्रत्येक दिवा लागला की आजी त्याला नमस्कार करी. विजेचा दिवा आल्यावरसुद्धा बटण दाबून ती हात जोडत असे.

त्या कंदिलाच्या उजेडाला कड असायची. आत बसलेल्यांची तोंडं दिसत, त्या पलीकडच्यांचे फक्त आवाज. पाढे म्हणणारी मुलं अगदी जवळ, त्यानंतर तांदूळ निवडणारी मामी, आणि कडेच्या अंधारात खांबाला टेकून बसलेले आजोबा. त्यांना उजेड लागतच नसे, ते ऐकत असत. उजेड थोडा होता म्हणून माणसं जवळ बसत. हे म्हणताना मी त्या काळाला सोन्याचा मुलामा देत नाही. बिनकाचेच्या चिमणीने कितीजणींच्या डोळ्यांची आग केली, किती पदर पेटवले, ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. चिमणी संग्रहात ठेवावी, घरात लावू नये.

कंदिलाबद्दल मात्र मला आदर आहे, कारण ती फार विचाराने घडवलेली वस्तू आहे. त्याच्या दोन्ही अंगांना ज्या पत्र्याच्या नळ्या दिसतात त्या नुसत्या धरायला नाहीत. चांगल्या कंदिलात गरम धूर डोक्यावरून निघून जातो आणि बाहेरची थंड, ताजी हवा त्या नळ्यांतून खाली उतरून ज्योतीच्या तळाशी पोचते. वाऱ्याचा झोत आला तरी ज्योतीला तो थेट लागत नाही, म्हणून पावसाळी रात्री शेताच्या बांधावरूनही कंदील विझत नसे. आमच्याकडचा कंदील ‘प्रभाकर’. तो ओगलेवाडीचा, म्हणजे आजोळच्या शिवारापासून फार लांबचा नाही. स्वदेशीच्या काळात तळेगावला पैसा फंडाच्या काच कारखान्याने जी वाट पाडली, त्याच वाटेने ओगले बंधू गेले आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने त्यांनी हा कारखाना उभारला. परदेशी कंदिलांनी बाजार भरलेला असताना सातारा जिल्ह्यातल्या एका माळावर काच वितळू लागली आणि तिथला कंदील देशभर गेला. तो कारखाना कधीच बंद पडला. कऱ्हाडच्या रेल्वे स्टेशनवर उतरणाऱ्या आजच्या मुलांना आपण ओगलेवाडीतच उतरलो आहोत आणि त्या नावामागे एक कारखाना आहे, हे कुणीतरी सांगायला हवं. जुन्या बाजारात टाकीवर प्रभाकरचं नाव असलेला कंदील दिसला, तर गंज चढलेला असला तरी तो घ्या, असं मी सांगेन. कुठल्याही विलायती दिव्याआधी घ्या.

बत्तीची गोष्ट वेगळी. ती घरातली नव्हे, गावाची. कीर्तन, वरात, तमाशाचा फड, पंगत. ती पेटवणारा माणूस ठरलेला असे आणि त्याच्याभोवती मुलांचं कोंडाळं. आधी स्पिरिट जाळून नळी तापवायची, मग पंप मारायचा, मग फुस्स करून मेंटल पांढरंशुभ्र उजळायचं. ती जाळी ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने 1880 च्या दशकात शोधली. थोरियम आणि थोडं सिरियम यांच्या क्षारांत भिजवलेलं कापड पहिल्यांदा पेटलं की जळून जातं आणि मागे उरतो तो त्या धातूंच्या ऑक्साइडचा नाजूक सांगाडा, तोच तापून उजेड देतो. बोट लागलं की त्याची भुकटी. पुढे त्याच थोरियमसाठी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू जहाजं भरून युरोपला जाऊ लागली. आपल्या वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या बाईच्या उजेडात केरळची वाळू चमकत असेल, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल? आज कुणी बत्ती शोभेसाठी विकत घेतली, तर तिच्यावर पैसे टाकण्याआधी पंपाचा वॉशर आणि टाकीचे सांधे तपासावेत, आणि जाणकाराशिवाय ती पेटवू नये. दाबाखालचं रॉकेल हा खेळ नाही.

1960 मध्ये राज्य वीज मंडळ झालं आणि पुढच्या काही दशकांत गावोगाव खांब उभे राहिले. विजेबरोबर दुसरीही एक गोष्ट आली, स्टीलची भांडी. पितळ घासावं लागतं, कल्हई करावी लागते; स्टीलला काही लागत नाही. दारावर भांडीवाली यायची आणि जुनं पितळ मोडीत घेऊन स्टीलचे डबे द्यायची. त्या तराजूत घागरी गेल्या, तपेली गेली आणि त्यांच्यासोबत समयाही गेल्या, लामणदिवे गेले. साखळीला मोर, मोरावर स्वार, त्याखाली कमळासारखं पात्र, एवढी कारागिरी असलेला दिवा किलोच्या भावाने गेला. ज्यांनी दिला त्यांना मी दोष देत नाही. त्या बायकांची अर्धी जिंदगी राखेत हात घालण्यात गेली होती. पण त्या तराजूची आठवण आली की माझ्या पोटात तुटतं.

आणि याच काळात पुण्यात एक माणूस उलट्या दिशेने चालला होता. दिनकर गंगाधर केळकर ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करत. त्यांनी लोकांच्या घरातून बाहेर पडणाऱ्या वस्तू गोळा केल्या: अडकित्ते, दरवाजे, वाद्यं आणि असंख्य दिवे. भारतीय दिव्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने उभारलेला हा संग्रह त्यांनी 1975 मध्ये राज्य सरकारच्या हाती दिला. जुना दिवा विकत घ्यायचा विचार असेल, तर आधी बाजीराव रस्त्याजवळच्या या संग्रहालयात दोन तास घालवावेत. खरा जुना दिवा कसा दिसतो याची नजर तिथे तयार होते. हत्तीच्या लामणदिव्यांचा एक प्रकार तर माहीत असायलाच हवा. हत्तीच्या पोटात तेल साठवलेलं असतं. खालच्या पात्रातली तेलाची पातळी उतरली की हवेला आत शिरायला वाट मिळते आणि तेवढंच तेल खाली येतं. पातळी भरली की वाट बंद आणि तेलही बंद. वात रात्रभर सारखी जळते. असा दिवा ओतणाऱ्या कारागिराला हवेचा दाब पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

मग बाजार. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, आणि आता गावोगावची ‘अँटिक’ दुकानं. तिथला बराच माल नवा असतो, आम्लात बुडवून काळा केलेला. सोबत एक छोटं लोहचुंबक न्यावं. चिकटलं तर आत लोखंड आहे, पितळ वरवरचं. मग काळेपणा बघावा. खरा काळेपणा कोपऱ्यांत, नक्षीच्या खोबणीत, तेल सांडत आलेल्या बाजूला जास्त असतो, आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या हात लागला तिथे धातू गुळगुळीत आणि उजळ असतो. मोराची चोच झिजलेली असते. नव्या दिव्यावर काळा रंग सगळीकडे एकसारखा बसलेला असतो. लामणदिव्याच्या साखळीच्या कड्या एकमेकींत अडकतात तिथे आतून झिजलेल्या आहेत का, हेही पाहावं. वर्षानुवर्षं वजन पेलल्याची ती खूण लवकर उमटवता येत नाही. समईचे भाग आट्यांनी जोडलेले असतात. ते सोडून, पुन्हा बसवून बघावेत. समई सपाट फरशीवर उभी करून डुलते का ते बघावं आणि वरच्या तबकात पाणी घालून थोडा वेळ थांबावं. सांध्यातून पाझरणारी समई रोज सतरंजी खराब करील.

एक विनंती मात्र फार मनापासून. जुन्या समईला वायर घालण्यासाठी भोक पाडू नका. बाजारात असे समईचे टेबललॅम्प पुष्कळ मिळतात, आणि प्रत्येक भोकामागे पुन्हा कधीही तेलाने न उजळणारी एक समई असते. वीजच हवी असेल तर मुळातच विजेसाठी घडवलेले जुने दिवे घ्या. दुधी काचेच्या हंड्या, हिरव्या काचेचे लेखनाचे दिवे, इनॅमलच्या पांढऱ्या छत्र्या, पितळी बुडाचे टेबललॅम्प. त्यांची कापड गुंडाळलेली वायर कितीही देखणी असली तरी ती बदलायलाच हवी, कारण आतलं रबर ठिसूळ झालेलं असतं. धातूचं अंग असेल तर तीन तारांची वायर आणि अर्थिंग घ्यावं. होल्डर जुना ठेवता आला तर ठेवा, पण तो सैल झाला असेल तर हट्ट नको. बल्ब 2700 केल्विनचा, पिवळसर, लहान. पांढऱ्या एलईडीने दुधी काचेची सगळी माया निघून जाते. आणि हा दिवा छताला नको. बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, खुर्चीच्या एका बाजूला ठेवा आणि तो लागला की छतातले दिवे बंद करा. तेव्हाच तो काम करू लागतो.

परदेशी असलेल्या मुलांना आजीची समई न्यायची इच्छा असते, आणि ती इच्छा मला फार समजते. पण 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वय तितकं नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसं प्रमाणपत्र मिळवावं आणि मगच सामानात ठेवावी. विमानतळावर समई हातातून जाण्यापेक्षा ते बरं.

तरीही माझा सल्ला बाजाराआधी माळ्यावर चढण्याचा आहे. आषाढातली अमावास्या जवळ आली की ते करावं. अलीकडे या दिवसाला भलतंच नाव पडलं आहे, पण ही दिव्यांची अवस. घरातला प्रत्येक दिवा खाली काढून घासायचा, पाटावर मांडायचा, भोवती रांगोळी काढायची, गूळ घातलेले कणकेचे दिवे उकडायचे आणि तूप घालून खायचे. वर्षातून एकदा सगळ्या दिव्यांची डागडुजी व्हावी म्हणून याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. चिंच आणि बारीक राख किंवा रांगोळी एवढंच वापरावं. आम्लाच्या बाटल्या टाळाव्यात, त्या नक्षी खातात. आणि घासताना घरातल्या सर्वांत वयस्क बाईला शेजारी बसवून विचारावं. हे निरांजन कुणाच्या रुखवतातलं, ही समई कुठल्या घरातून आली, हा कंदील कोण नेत असे. सांगितलेलं कागदावर लिहून घ्यावं आणि सुतळीने त्या त्या दिव्याला बांधावं. आमच्या मोठ्या मावशीने गेल्या आषाढात अशी नावं सांगितली. दोन समयांच्या बाबतीत ती थोडी थांबली, पुन्हा हातात घेऊन बुडाखाली बघितलं आणि म्हणाली, "ही नव्हे, ती सासरची. ही आईची, हिचा आटा उलटा आहे."