बिबट्या पोसणाऱ्या भाच्यास



नारायणगावात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाने माणिकडोहच्या निवारा केंद्रातला बिबट्या पोसायचं मनात आणलं, हे वाचून बरं वाटलं. तुझं निम्मं गिऱ्हाईक ऊसवाल्यांचं, आणि जुन्नर तालुक्यात बिबट्याची मादीही उसातच विते. उसाच्या खतावर मिळवलेल्या पैशातला थोडा तिकडे गेला, तर मला ते देणंच वाटतं, दान नव्हे. पण तुझ्या पत्रभर बारसं, फोटो, दुकानावरची पाटी आणि दिवाळीचं कॅलेंडर, म्हणून लगेच लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे बछडा मागू नकोस. ऊसतोडीत फडात सापडलेली पिल्लं शक्यतो केंद्रात ठेवतच नाहीत. डॉक्टर तपासतात, अंधार पडायच्या आत त्याच शेतात पेटीत ठेवतात, आसपास कॅमेरे लावतात. रात्री आई येते, एकेकाला मानगुटीला धरून नेते. पुष्कळदा हे जमतं. जे पिल्लू उद्या आईकडे जायचं, त्याचं कसलं बारसं घालतोस?

तू थोराड, अधू जनावर घे. फासात पंजा गेलेला, नाहीतर पिंजऱ्याच्या गजांना चावून सुळे मोडलेला. सुळ्यांवाचून शिकार नाही, म्हणून त्याला सोडता येत नाही. आणि बंदिवासात बिबट्या वीस वर्षंही काढतो. रोजचं मांस, जंतांची औषधं, भूल देऊन तपासणी, पिंजरा धुणाऱ्याचा पगार, हे सगळं तेवढी वर्षं चालतं. दत्तक योजना बहुधा वर्षाच्या असतात. पहिल्या वर्षी हार-तुरे होतात, दुसऱ्या वर्षी दुकानदाराला मंदी आठवते. तेव्हा झेपेल तेवढीच रक्कम बोल, पण दरवर्षी दे. मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने नफ्यातले 2 टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. त्यांना अहवालात छापायला देखणा फोटो हवा असतो. तुझ्यावर सक्ती नाही, तर कुरूप जनावर निवडायला तू मोकळा आहेस!

गिऱ्हाइकांना घेऊन बघायला जाऊ नकोस. ते प्राणिसंग्रहालय नव्हे. आणि पैसे भरलेस म्हणून बिबट्या तुझा होत नाही, तो सरकारचाच राहतो.

आता खरं सांगतो. पिंजऱ्यातल्यापेक्षा मला विहिरींची काळजी जास्त. कठडा नसलेल्या विहिरीत रात्री भक्ष्यामागे धावता धावता बिबट्या पडतो, सकाळी अख्खं गाव काठावर गोळा होतं, मग दोरांनी बाज सोडून त्याला आधार द्यायचा, वरून पिंजरा उतरवायचा. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेजला सोडला, तर गळ्यातल्या माग दाखवणाऱ्या पट्ट्यावरून कळलं की तो चालत चालत पार मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. बाहेर निघालेला धड बिबट्या असा स्वतःचं बघून घेतो. त्याला पोसावं लागत नाही.

तुझ्या उधारीच्या वहीत कोणाच्या वावरात कसली विहीर आहे हे तुला वनखात्याआधी कळतं. कठड्याला सिमेंट किंवा वर टाकायला जाळी घेणाऱ्याला उधारी एक हंगाम जास्त दे. कॅलेंडरचे पैसे त्यात घाल. कॅलेंडरवर नेहमीचे गणपतीच राहू देत, ते कोणी फाडत नाही.

आक्काला नमस्कार. टोमॅटोचा भाव कळव.

तुझा,
मामा