बागची चादर, देवासचे पियानो

देवास

चि. सानिका,


नव्या घराला जुनं वळण द्यायचं ठरवलंस आणि यादीही पाठवलीस: बाग छपाईच्या चादरी नि पडदे, रविवर्म्याची लक्ष्मी, पितळेचे डबे. यादीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तुझ्या कसोटीला. ‘दिसायला जुनं हवं’ असं लिहिलंयस, आणि आज जुन्या चालीच्या नावाखाली जो बाजार मांडलाय तो सगळा ह्याच वाक्यावर पोसला जातो. कुठल्याही वस्तूतलं सगळ्यांत स्वस्तात उचलता येण्यासारखं काही असेल, तर ते तिचं रूप. म्हणून ती झाली कशी आणि बिघडली तर नीट कोण करणार, हे आधी विचारावं. शोभा नंतर पाहावी, असं माझं म्हणणं आहे.

चादरीपासूनच सुरू करू, कारण बाग हे गाव इथून फार लांब नाही, धार जिल्ह्यात आहे. तिथल्या खत्री कारागिरांच्या रीतीत कोरं कापड आधी नदीत धुऊन त्याची खळ काढतात. मग एरंडेल, खार आणि बकरीच्या लेंड्या कालवलेल्या पाण्यात ते तुडवून वाळवतात, नंतर हिरड्याच्या पाण्यातून काढतात. तेव्हा ते पिवळट होतं. त्यावर लाकडी ठसे मारतात, पण ठशावर लाल रंग नसतोच. लालसाठी तुरटीची लापशी असते, काळ्यासाठी लोखंडाच्या गंजाची. गंज हिरड्याला भेटला की काळा होतो; तुरटीची नक्षी मात्र फिकी, जेमतेम दिसेल इतकीच. पुढे कापड वाहत्या पाण्यात धुवावं लागतं. साठवणीच्या पाण्यात सुटलेली तुरटी पांढऱ्या जागेवर जाऊन बसते आणि उकळताना तिथेही लाली धरते. म्हणून बागिनी नदीचं नाव ह्या कामात इतकं घेतलं जातं. शेवटी तांब्याच्या कढईत अलिझरीन हे लाल रंगद्रव्य आणि धावडीची फुलं घालून कापड उकळतात, आणि जिथे जिथे तुरटी बसली होती तिथे तिथे लाल वर येतो. रंग धाग्यात मुरतो, नुसता वर बसत नाही. स्क्रीन-छपाईत हीच वेलबुट्टी काही तासांत छापून होते, आणि दुकानात घडी घातलेल्या दोन चादरी शेजारी ठेवल्या तर तुला काय मलाही फरक सांगता येणार नाही. घडी उलगडून मागची बाजू बघ. दोन ठसे जुळतात तिथला सांधा बघ. हाताच्या कामात तो कुठे ना कुठे केसभर सरकलेला सापडतोच.

यावर तू म्हणशील, बागची ही लाल-काळी चादर तरी कुठे पुरातन आहे? अगदी बरोबर. खत्री मंडळी सिंधमधून आली असं सांगतात, आणि पिढ्यान् पिढ्या त्यांचं मुख्य गिऱ्हाईक भिल्ल-भिलाला बायका होत्या, त्यांचे घागरे, त्यांच्या ओढण्या. १९६० च्या सुमारास स्वस्त सिंथेटिक कापड आठवडी बाजारात शिरलं आणि हे गिऱ्हाईक तुटलं. पुष्कळांनी काम सोडलं. इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी सोडलं नाही. नव्या रचना, चादरी, साड्या करत ते शहरी गिऱ्हाइकाकडे वळले. म्हणजे तुला जी ‘परंपरा’ हवी आहे ती चादर या रूपात फार तर तुझ्या आईच्या वयाची. पण माझा मुद्दा यानं पडत नाही, उलट उभा राहतो: रूप बदललं, गिऱ्हाईक बदललं, रीत टिकली, आणि रीत टिकली म्हणूनच पुढे भौगोलिक मानांकन मिळण्याइतकं काही शिल्लक उरलं. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या चिठ्ठीचे जादा पैसे मात्र देऊ नकोस. जर्मन रसायनतज्ज्ञांनी १८६८ मध्ये अलिझरीन प्रयोगशाळेत करून दाखवलं, आणि आता सगळीकडे मिळतं ते बहुधा कारखान्यातलंच.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. हाताचं काम महाग. मग चांगलं दिसणं ही काय पैसेवाल्यांचीच मिरास? नाही, आणि त्यासाठी तुझ्या लक्ष्मीचंच उदाहरण पुरे. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकावर एक ठसे देत चित्र पुरं. त्या नकलाच होत्या, पण त्या काळच्या उत्तम तंत्रानं उघडपणे केलेल्या, आणि त्यामुळेच देवी सामान्यांच्या भिंतीवर आली. नकलेत कमीपणा नाही. आजच्या यंत्रावर, पांढऱ्या स्वच्छ कागदावर छापलेली लक्ष्मी बिनदिक्कत लाव. पण कॅनव्हासवर आधीच पिवळेपणा आणि भेगा छापून आणलेली घेशील, तर तू चित्राचे नव्हे, सोंगाचे पैसे देतेस. (नोटा छापणाऱ्या गावात राहून मी खऱ्या-खोट्याबद्दल जरा जास्तच काटेकोर झाले असेन.) तेच स्क्रीनच्या चादरीचं: स्क्रीनची म्हणून स्क्रीनच्या भावात घे, खुशाल वापर.

आणि ‘घर काही संग्रहालय नाही, डोळ्यांना बरं वाटलं की झालं’ असंही कुणी म्हणेल. देवासच्याच राजवाड्यात याचं उत्तर आहे. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. त्यांच्या ‘द हिल ऑफ देवी’मध्ये त्या वाड्यातल्या पियानोंचं वर्णन आहे: नवे कोरे, पण माळव्याच्या कोरड्या हवेनं चौकटी तडकलेल्या, पट्ट्या अडकलेल्या, एकही वाजण्याजोगा नाही. विलायती दिवाणखान्याचं रूप हौसेनं आणलं. ते ज्या हवेत जगतं ती हवा आणता येत नव्हती. संस्थानिकाला असा शौक कदाचित परवडतो. तुझ्या पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात न वाजणाऱ्या वस्तूही जागा अडवतात, आणि डोळे तर चार महिन्यांत सरावतात.

पितळेबद्दल थोडक्यात. हल्ली डब्यांना चकाकी टिकावी म्हणून लॅकर मारलेलं असतं. असा डबा चिंचेनं घासता येत नाही, विस्तवावर धरून कल्हई करता येत नाही. तो शोकेसमध्ये ठेवायचा. स्वयंपाकघरात वापरायचा असेल तर बिनलॅकरचा घे, आणि घेण्याआधी तुमच्या भागात कल्हईवाला येतो का, ते शेजारच्या आजीबाईंना विचार. येत नसेल तर सरळ स्टील घे.

पडद्यांना बागचं कापड नको, असं मला वाटतं. तुझी खिडकी पश्चिमेची. रोजच्या उन्हात लाल हळूहळू विटेल आणि तू कारागिराला बोल लावशील. तिथे जाड साधी खादी लाव. चादरी मात्र दोन घेऊ. गादीची लांबी-रुंदी कळव, शिवाय खाली लोंबायला किती हवं तेही. आखून दिलेल्या मापाचं कापड छापून मिळायला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात वाळवण्याचं काम रखडतं, म्हणून लवकर कळव.

तुझी
मावशी