सरकारी काम आणि किती थांब?

"सरकारी काम आणि सहा महिने थांब" ही म्हण आपल्याकडची. पण अमेरिकेत इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय, की इथे सहा महिन्यांत काम झालं तर पेढे वाटावेत!

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. गावात घरटी एक तरी माणूस फौजेत. त्यामुळे २०१६ मध्ये इथे एम.एस. करणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, मी इथल्या आर्मीत जाऊ का?" तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. ताईला मात्र फोनवर समजावताना नाकीनऊ आले.

तेव्हा 'मॅवनी' नावाची योजना होती, २००८ च्या अखेरीस जाहीर झालेली. ग्रीन कार्ड नसलेल्या, पण कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या डॉक्टर-नर्सना आणि हिंदी, पंजाबी, तमिळ, पश्तू वगैरे भाषा येणाऱ्यांना लष्करात घ्यायचं, आणि त्यांना लवकर नागरिकत्व मिळवून द्यायचं. दहा हजारांवर लोक असे भरती झाले.

भाच्याची कागदपत्रं जमवणं चालू असतानाच, सप्टेंबर २०१६ अखेर संरक्षण खात्याने तपासणीचे नियम कडक केले. नवी भरती थांबली ती थांबलीच. पोरगा सहीच्या अलीकडे राहिला. दोन महिने आधी सही केली असती तर?

ज्यांनी केली होती, त्यांचे हाल झाले. शपथ घेतलेली, पण तपासणी पूर्ण झाल्याशिवाय ट्रेनिंगला पाठवायचं नाही. तपासणारे थोडे, फाइली उदंड. २०१८ मध्ये सगळ्या सरकारी खात्यांच्या मिळून सात लाखांहून जास्त तपासण्या तुंबल्या होत्या. इकडे फाइल जागची हलत नाही आणि तिकडे व्हिसाची मुदत मात्र एक दिवसही थांबत नाही. काहींचा व्हिसा वाट बघता बघताच संपला.

त्याच वर्षी काही जणांना काढून टाकल्याच्या बातम्या आल्या. परदेशात नातेवाईक आहेत म्हणून धोका, असं कारण मिळाल्याचं काहींनी सांगितलं. आता गंमत बघा. ज्या आईबापांनी भाषा शिकवली म्हणून पोराला घेतलं, त्याच आईबापांमुळे पोरगा संशयित! मंडळी कोर्टात गेली. नागरिकत्वासाठी लष्कराने घातलेली किमान सेवेची अट २०२० मध्ये कोर्टाने बेकायदा ठरवली. पण योजना २०१७ मध्येच संपली होती.

तपासणी नकोच, असं मी म्हणणार नाही. हातात बंदूक देण्याआधी माणूस पारखायलाच हवा. 'नाही' म्हणायचाही सरकारला हक्क आहे. पण ते वेळेवर म्हणावं. 'नाही' ऐकलेला माणूस दुसरी वाट धरतो. 'बघू' ऐकलेला तिथेच उभा राहतो, आणि विशीतली वर्षं काही परत मिळत नाहीत.

असो. भाचा आता नोकरीत रमलाय. ताई म्हणते, देवाने राखलं. मला वाटतं, नुसत्या तारखेने राखलं. तुम्हाला काय वाटतं?